गोंगाटातली वाक्यं

लाल उजवा, निळा डावा.
दिवसातून सहा वेळा मी हे म्हणतो
आणि हेडफोन हातात धरून उभा राहतो.
केस मागे सारायला, श्रवणयंत्र काढायला
माणसांना वेळ लागतो.
रुमालात ठेवतात ती, कवळी ठेवावी तशी.

ओल्डेनबुर्ग, नोव्हेंबर.
बाहेर वारा सायकली आडव्या पाडतोय.
आत बूथचं दार एवढं जाड
की लावताना खांदा द्यावा लागतो.

माझं काम: काचेपलीकडे बसायचं, चेहरा कोरा ठेवायचा.
बरोबर उत्तराला मान हलवायची नाही,
चुकलं तर ओठ दाबायचे नाहीत.
स्वान्त्ये म्हणते, तुझ्या भुवया फितूर आहेत.
म्हणून हल्ली मी स्क्रीनकडेच बघतो.

वाक्यं मुद्दाम बिनबुडाची.
उल्रिके नऊ जड टोपल्या विकते.
हाइनो चार हिरवे चमचे मोजतो.
अर्थ सापडला की माणूस अंदाजाने ऐकतो,
आणि आम्हाला अंदाज नको, कान हवेत.
मागे गोंगाट. तोही त्याच बाईचा:
तिच्याच आवाजाचे तीस थर
एकावर एक रचलेले,
तिला तिच्यातच बुडवायला.

जुन्या फाइलीत तिचं नाव आहे.
गेझिने आल्रिख्स, वय त्रेचाळीस,
बंदराच्या रेडिओवर भरती-ओहोटीच्या वेळा वाचते.
ध्वनिमुद्रण दोन दुपारी. घसा एकदा बसला.

मंगळवारच्या यादीत एकोणिसावं नाव:
गेझिने आल्रिख्स, वय चौऱ्याहत्तर.

नियमावलीत याबद्दल काहीच लिहिलेलं नाही.
मी म्हटलं, लाल उजवा, निळा डावा.

पहिली वीस वाक्यं बरी गेली.
मग मी, म्हणजे संगणकाने,
गोंगाट पायरीपायरीने चढवला.
"उल्रिके... मऊ... जड..."
थांबल्या. "मऊ नाही. काहीतरी आकडा."
पुढचं वाक्य.
"हाइनो... नुसता हाइनो लिहा."
मी नुसता हाइनो लिहिला.
पाचातला एक.

मधल्या सुट्टीत चहा.
कपात खडीसाखरेचा मोठा खडा, वरून उकळता चहा,
इकडे असाच पितात,
आणि खडा तडकतो ते ऐकायला
सगळे क्षणभर बोलणं थांबवतात.
त्याही थांबल्या.
मला ऐकू आलं.
त्या कपात बघत राहिल्या,
खड्याला चीर गेलेली दिसली तेव्हा म्हणाल्या, हं.

दुसऱ्या फेरीत तर वैतागल्याच:
"अहो, ही बाई गर्दीत सापडलीय.
कुणीतरी हात धरून बाहेर काढा तिला."
हसावं की नाही? भुवया सांभाळल्या.

शेवटी पैशांचं पाकीट, सही.
सही करताना पेन कागदावर कुरकुरलं,
बूथबाहेर सगळंच फार मोठ्याने होतं.
कोटाची बटणं लावत, माझ्याकडे न बघता:
"तुमच्या त्या बाईला सांगा,
नऊ म्हणताना घाई करते.
तेव्हाही तिला सांगितलं होतं एकाने.
नऊ पाचची भरती
किती मासेमारांनी चुकवली असेल, देव जाणे."

दारापाशी वळल्या.
मी काही बोललो असेन तर त्यांना ते पोचलं नाही;
रुमाल अजून मुठीतच होता.

संध्याकाळी गोंगाट शून्यावर आणून
मी ते वाक्य लावलं.
उल्रिके. न‍ऊ. जड टोपल्या.
खरंच. शेवटचा ऊ निम्मा गिळलाय.
इतका आखूड, की दिसतो आधी, ऐकू नंतर येतो.

एकतीस वर्षं त्या अर्ध्या स्वरापायी
किती कानांचा एकेक गुण कापला आम्ही,
तिच्याही कानांचा.
शेऱ्याच्या रकान्यात काय लिहायचं
ते उद्या स्वान्त्येला विचारतो.
आणि ते गुण परत कसे करतात, तेही.