साडेतीन मिलिमीटर

मशीन चालायला लागलं त्याला आज आठवा दिवस.
चालायला म्हणजे खरंच चालायला:
पिळायची वेळ आली की थडथडत
नळापासून दारापर्यंत येतं,
पाइप ताणला की थांबतं,
दाव्याला हिसका बसलेल्या म्हशीसारखं.

खालच्या घैसासबाई दोनदा वर येऊन गेल्या.
त्यांच्या देव्हाऱ्यातली घंटा म्हणे आपोआप वाजते.

कंपनीचा पोरगा आला, टॉर्च मारला,
शॉकॲब्जॉर्बर गेलेत म्हणाला, साडेचार हजार, वर जीएसटी.
ह्यांनी त्याला चहा दिला,
जिन्यापर्यंत सोडून आले,
आणि कपाटावरची पत्र्याची पेटी खाली काढली.

अठ्ठावीस वर्षं फिटर, ठाणे-बेलापूर रस्त्यावर.
आता त्याच गेटातून आत काचेची इमारत आहे,
आमची केतकी तिथे सातव्या मजल्यावर बसते.

रविवारभर हे न्हाणीघरात, पुठ्ठ्यावर आडवे.
'पाणी येतंय. पाणी जातंय.
ड्रम हाताने फिरतोय, घरघर नाही,
म्हणजे बेअरिंग नाही.
शॉकॲब्जॉर्बर दाबून बघितले, जिवंत आहेत.'
मला नव्हते सांगत.
शिफ्ट संपताना पुढच्या माणसाला सांगावं
तसं भिंतीला सांगत होते.

मी दारात, हातात ओल्या चादरींची बादली.
मला माहीत होतं. तोंडातून निघत नव्हतं.

लादीला तिथे उतार आहे, सिडकोनेच दिलेला.
मागचा डावा पाय गंजून जाम, खालीवर होत नाही.
सहा वर्षांपूर्वी मी त्याखाली काहीतरी सरकवलं होतं,
आणि गेल्या रविवारी मशीन ओढून
ह्यांनी ॲसिडने फरशी घासली.

स्पिरिट लेव्हल ठेवली. बुडबुडा उजवीकडे पळाला.
हे गप्प झाले.
मग पाइपामागे खांद्यापर्यंत हात घालून
काढलं ते:
कंपनीचा गेटपास, कव्हरसकट.
कडेने शेवाळ धरलेलं,
फोटोतला माणूस मिशीपर्यंत उरलेला,
टोकन नंबर मात्र स्वच्छ. चारशे सतरा.

'तेव्हा दुसरं काही मिळालं नाही हाताशी,' मी म्हटलं.
खोटं. पुठ्ठे होते घरात, ढीगभर.
पण गेट बंद झालं त्या वर्षी
हे रोज सकाळी साडेसहाला ड्रॉवर उघडून
पास बघायचे, आणि परत ठेवायचे.
मला तो डोळ्यांसमोर नको होता.
टाकवतही नव्हता.

हे काही बोलले नाहीत.
पेटीतून व्हर्नियर काढलं,
पास जबड्यात धरला, चष्मा कपाळावर ढकलला.
'साडेतीन मिलिमीटर,' म्हणाले.
मग थोड्या वेळाने, तिकडेच बघत,
'बरोब्बर बसवलं होतंस.'

कन्व्हेयर पट्ट्याचा एक तुकडा होता पेटीत.
तो कापला, कानशीने घासला, मोजला, पुन्हा घासला.
पायाखाली घातला.
मशीनवर पाण्याने भरलेला पेला ठेवून
पिळायचं बटण दाबलं.
पाणी थरथरलं. सांडलं नाही.

संध्याकाळी घैसासबाई वर आल्या:
'आज कपडे नाही का धुतले?'

गॅलरीत दोरीवर चादरी,
केतकीचा निळा शर्ट,
आणि शेजारी चिमट्याला पास, वाळत.
वारा खाडीकडून होता.
पास सारखा पाठ फिरवायचा.
हे उठून सरळ करायचे.