शेरा

खोलीची किल्ली माझ्याकडे असते.
बघायला कोणी आलं की पानठेल्यावर विचारतं
आणि एखादं पोरगं पळत सांगायला येतं,
"आबा, तुमचं म्युझियम पाह्याले मानसं आले."

छोट्या गाडीचे रूळ कधीच उचलून नेले.
उरला मालधक्का, एक हिवर,
आणि ही खोली, स्टेशनमास्तर अष्टमकरांची.
चौकटीला तिरपी ठोकलेली पितळी डबी.
आत काय लिहिलंय ते मला वाचता येत नाही,
तरी जाताना बोट लावतो.
मास्तर लावायचे, लहानपणी पाहिलेलं.

पहिल्या टेबलावर मलिद्याचं ताट,
शुक्रवारच्या सांजेचा दिवा.
शनिवारी हिरवी झेंडी पोर्टर दाखवायचा,
गावाला ठाऊक असलेला फरक एवढाच.

दुसऱ्या टेबलावर लेवनसाहेबाची पेटी.
हिटलरच्या मुलखातून जीव घेऊन आला,
जिनिंगची मशीन दुरुस्त करायचा.
लढाई लागली तशी इंग्रजांनी त्यालाच धरलं,
जर्मन म्हणून.
सुटल्यावर आईला लिहायचा, रेडक्रॉसच्या फॉर्मवर,
पंचवीस शब्द, वर एक नाही.
मास्तर म्हणे कंदिलाशी बसून शब्द मोजून द्यायचे.

शेवटचे तीन फॉर्म परत आले.
शिक्क्याखाली दीनाबाईंची चिठ्ठी आहे,
मास्तरांची लेक, दिमोनाहून पाठवलेली, मराठीत:
‘पत्ता न ठेवता निघून गेले.’

परवा शाळेची सहल आली.
पोरं पेटीच्या कड्यांशी खेळली, आणि गेली.
एक पोरगी मागं राहिली, दोन वेण्यांची.
"आबा, गेले का नेले?"

मी अडतीस वर्षं टपाल वाटलं.
त्या गल्लीतही कोणी पोस्टमन असणार.
त्याला कुलपं दिसली असतील,
खिडकीत वाळत राहिलेले कपडे,
शेजारणीच्या अंगावर ओळखीची शाल.
सायकल भिंतीला टेकवून त्यानं शेरा मारला असेल.

पोरीला म्हटलं, बस सुटेल तुझी.

पारध्यांचा बेडा पेटवला त्या साली
नाल्यापलीकडची सहा पत्रं माझ्या थैलीत होती.
राख अजून कोमट होती, एक कोंबडी उकरत होती.
कोणी पेटवला, गावात सगळ्यांना माहीत होतं.
मलाही.

सहाही पत्रांवर लिहिलं, माझ्याच अक्षरात,
बाक काढून, नीट:
गेले.