एरंडाचं गुऱ्हाळ

मिरांदोला गावात, धुक्याच्या पाळीला,
मी नळी ओढते.
एकतीस वर्षं. यंत्राच्या तोंडातून ती निघते
गरम, पारदर्शक, न तुटणारी शेवई,
आणि थंड पाण्यात शिरते.

पीव्हीसी मूळचं हट्टी.
मोडेन पण वाकणार नाही, असल्या जातीचं.
त्याला तेल पाजावं लागतं, शंभराला पन्नास.
बिनरंगाचं, बिनवासाचं थॅलेट
साखळ्यांच्या मधोमध जाऊन बसतं
आणि साखळ्या एकमेकींना धरून ठेवायचं सोडतात.

बसतं, पण तिथलं होत नाही.
ना लग्नगाठ, ना भाडेकरार.
ऊब लागली, दूध लागलं, चरबी लागली
की बोचकं उचलून चालू पडतं.
जुन्या बाहुलीचा हात चिकट लागतो ना,
तो घाम नव्हे,
निघून चाललेला मऊपणा आहे.

हे मला एकतीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.
प्रयोगशाळेतली फाबियोला, चष्मा कपाळावर,
जेवणाच्या सुट्टीत पेअर सोलता सोलता म्हणाली,
इव्होन, तुझी नळी झिरपते.
मी चिडले. माझी एकही नळी आजवर गळलेली नाही.
गळत नाही गं, ती म्हणाली. झिरपते.

फेब्रुवारीत भाचीला मुलगा झाला, सातव्यातच.
नऊशे ऐंशी ग्रॅम. चार पेअर.
मोदेनाच्या रुग्णालयात, काचेच्या पेटीत,
नाकात नळी, बेंबीत नळी.
खोटं कशाला बोलू, मी आधी बाळाकडे पाहिलंच नाही.
नळीकडे पाहिलं.
कडेची निळी रेघ. आमची. तिसरं यंत्र.
कदाचित माझीच पाळी.
आतून दूध चाललं होतं, थेंब थेंब, स्निग्ध,
वाटेत कुणाकुणाला सोबत घेत.
मुलगे असतील तर जास्त जपावं,
असं फाबियोला म्हणाली होती.
का, ते मी विचारलं नव्हतं.

मऊ लागलं म्हणून कोपरानं खणू नये म्हणतात.
आम्ही खणलं.
फरशा, चपला, हातमोजे, रक्ताच्या पिशव्या.

मग बैठका.
सायट्रेट आलं, लिंबाच्या नात्यातलं, पण पाय एका जागी ठरेना.
ट्रायमेलिटेट आलं, जड, आळशी, जागा न सोडणारं,
त्याची किंमत ऐकून मालकानं खिडकीबाहेर पाहिलं.
शेवटी एरंडाच्या तेलाचं काहीतरी.
चौदा महिने नुसतं गुऱ्हाळ,
रस निघेल असं कुणालाच वाटेना.
निघाला.
तिसऱ्या यंत्रावर, एकशे शहाऐंशी अंशांना,
आधी धुरकट, माशाच्या डोळ्यासारख्या ठिपक्यांची,
मग हळूहळू स्वच्छ.

आम्ही एकमेकींना मिठ्या मारल्या,
आणि फाबियोलानं रक्ताच्या पिशवीचा निकाल आणला.
नव्या पिशवीत पस्तिसाव्या दिवशी
लाल पेशी फुटू लागल्या होत्या.
जुन्या पिशवीत शाबूत, गोल, टवटवीत.
जे झिरपत होतं
तेच त्यांच्या अंगाला लागून
त्यांना सावरत होतं.

ती दोन दिवस कुणाशी बोलली नाही.
तिसऱ्या दिवशी रक्तात मिसळायचं पाणी बदलून
पुन्हा पहिल्यापासून मोजायला बसली.
अजून मोजतेय.

बाळ आता दोन किलो शंभर.
नाकातल्या नळीची रेघ हिरवी.
परिचारिका म्हणाली, ही जरा ताठ वाटते हो.
मी म्हटलं, वाटू दे.

आज पहाटे पुन्हा दोन ठिपके दिसले.
तेवढी हातभर नळी कापून टाकली,
काटा एक अंश खाली आणला.
बाहेर धुकं तसंच होतं.