पातं दोन बोटं वर

चौतीस वर्षं मी काउंटीचा ग्रेडर चालवला.
खडीचे रस्ते, एकशे ऐंशी मैल,
एप्रिलपासून जमीन गोठेपर्यंत.
मैलामैलाचे चौकोन, चौकोनात मका, मक्यापलीकडे सोयाबीन,
आणि अधूनमधून एखादं लायलॅकचं झुडूप,
कुठल्याच कुंपणाशी संबंध नसलेलं.
लायलॅक दिसलं की समजायचं, इथे दार होतं.

ओल्डनरोड. स्टावनेस. प्रॉव्हिडन्स कॉर्नर्स.
जुन्या नकाशात ही नावं करंगळीच्या नखाएवढी,
नव्यात तेवढीही नाहीत.
ओल्डनरोडला घरं एकवीस आणि चर्च दोन,
कारण जर्मनांचं जर्मनांशी पटत नव्हतं.
आता दोन्हींच्या जागी एकच मालक नांगरतो
आणि तो रविवारी मासे धरायला जातो.

स्टावनेस मात्र उठलं.
गाव उठलं म्हणतात ना, ते तिथे अक्षरशः झालं.
रेल्वे तीन मैल दक्षिणेकडून गेली,
त्या हिवाळ्यात लोकांनी घरं ओंडक्यांवर चढवली,
सोळा-सोळा घोडे जुंपले
आणि गोठलेल्या शेतांवरून ओढत नेली.
टॉर्व्हाल्ड एंगेसेटचं दुकान वाटेतही उघडंच होतं म्हणे.
गिऱ्हाईक मागून पळत यायचं, पायरीवर उडी मारायचं,
मूठभर खिळे घेऊन ओढ्यापाशी उतरायचं.
शेगडी पेटलेली, धुराडं चालतंय.
मागे राहिली विहीर, आणि मेलेली माणसं.
ही दोन्ही ओंडक्यांवर चढत नाहीत.

विहिरीवर आता सिमेंटची लादी आहे.
मेलेल्यांवरचं गवत मीच कापायचो,
वर्षातून तीनदा, काउंटीच्या खर्चाने.

नवं स्टावनेस उठलं नाही.
ते बसल्या बसल्या गेलं.
आधी बँक, मग शाळा,
मग रूळ उपटून भंगारात विकले,
मग टपाल.
इर्मगार्ड पोलमन तरी पाकिटाच्या कोपऱ्यात
स्टावनेसच लिहायची.
'असा पत्ता नाही' असा शिक्का बसून पत्र परत आलं
की नवं तिकीट लावायची, पत्ता तोच.

एकदा तिने मला रस्त्यात थांबवलं.
"चरातला तो रुबार्ब माझ्या आईचा आहे," म्हणाली,
"मशीन जरा सांभाळून."
मी हो म्हणालो, आणि जुलैत,
डोक्यात जेवणाचा विचार असताना,
सपाट करून टाकला.
ती काही बोलली नाही.
पुढच्या एप्रिलला मातीतून लाल मुठी वर आल्या,
आणि मे महिन्यात ग्रेडरच्या सीटवर
वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक पाय.
काटा नव्हता. बोटांनी खाल्ला, अख्खा.

ती नर्सिंग होममध्ये गेल्यावर
अग्निशामक दलाने सरावासाठी तिचं घर पेटवलं.
चार वेळा विझवलं, पाचव्यांदा जळू दिलं.

स्टेशन होतं तिथे, रेल्वे रस्ता ओलांडायची तिथे,
एक उंचवटा अजून आहे.
तिथे मी पातं दोन बोटं वर घ्यायचो.
नियमात ते बसत नाही.
माझ्या जागी आलेला ब्रेडी व्हर्बा,
कानात कायम काहीतरी घातलेलं पोर,
पहिल्याच आठवड्यात विचारून गेला, का?
"खाली दगड असेल," मी म्हणालो.
दगड नाही. मी फावड्याने खणून पाहिलंय,
शहाण्णव साली, कुणी बघत नसताना.

परवा डोळ्यांच्या डॉक्टरकडून येत होतो.
बायको चालवत होती, मला अंधुकच दिसत होतं.
रस्ता नुकताच ओढलेला, खडी एकसारखी,
पोराचा हात चांगला बसलाय.
आणि स्टेशनापाशी गाडी उडाली,
कॉफी माझ्या स्वच्छ शर्टावर.

मी तिला गाडी मागे घ्यायला सांगितलं.
"काय राहिलं?" तिने विचारलं.
"काही नाही," म्हटलं,
"परत एकदा ने."