मात्रा

वारा पत्रा धरून हलवतोय.
सामुद्रधुनीवरून येतो. पुंता अरेनासमध्ये
त्याला कुणी नाव ठेवत नाही, नावंही ठेवत नाही.

पहाटेचे तीन. एउफ्रासिया ओयार्सो
पडद्यावरचा दाब वाचते: एकवीस.
संध्याकाळी चौदा होता.

खाली टाकीत पोकळ दोऱ्यांच्या जुड्या,
शेवयांएवढ्या बारीक, पांढऱ्या,
शहराचं सांडपाणी गाळून आत ओढतायत,
आणि दोऱ्यादोऱ्यावर साचत चाललंय
काहीतरी बुळबुळीत,
आंघोळींचं, खरकट्याचं, पोटातलं.

आम्लाने धुता येतं. क्लोरीनने धुता येतं.
दर धुण्याला दोरा थोडा म्हातारा होतो.
"कातडं सोलून अंघोळ घालताय पोराला,"
म्हातारा बार्रिया म्हणायचा, निवृत्त होईपर्यंत.

म्हणून हे पोतं.
सेंतोयाच्या, इथल्या काटेरी खेकड्याच्या,
कवचांपासून केलेली भुकटी.
सौम्य आम्लात विरघळली की काकवीसारखी ओघळते.
पोत्यावर खेकडा छापलाय. हसतोय.

तिच्या आईने बावीस हंगाम खेकडे सोलले
पोर्वेनीरच्या कारखान्यात.
रात्री चिरलेली बोटं कोमट दुधात बुडवून बसायची.
कवचं मागच्या दाराने, ढिगाने, खड्ड्यात.
"ह्याचा कुणाला काय उपयोग," म्हणायची.
कवचांबद्दलच, बहुतेक.

सहा काचपात्रं.
पहिल्यात नुसतंच गढूळ. दुसऱ्यात थेंब, तिसऱ्यात दोन.
चौथ्यात गढूळपणाला एकमेकांची ओळख पटते:
सुटे सुटे कण हात धरतात,
जड होतात, बसतात तळाशी.
ज्या छिद्रांत घुसायला निघाले होते
तिथे आता मावणार नाहीत.
पाचव्यात तसंच, जरा आळसावलेलं.
सहाव्यात पाणी परत धुरकट, चिकट.
औषधाचीच साय धरेल दोऱ्यांवर.

चौथं, मग. त्याहून किंचित कमी,
हे तिच्या अंदाजाने.
वहीत अंदाजाला रकाना नाही.

पंप सुरू. एकवीस.
चहा निवला. एकवीस.
सव्वापाचला बावीस दिसतो, आणि ती खुर्चीतून अर्धी उठते,
पण तो वाऱ्याचा हिसका निघतो, वीज लुकलुकलेली.
सहालाही एकवीस.
उतरला नाही. चढायचा थांबला.
मात्रा लागू पडली, एवढंच म्हणायचं असतं
अशा सकाळी, तेही हळू आवाजात.

पाळी बदलते. एउफ्रासिया हात धुते,
जरा जास्तच वेळ,
बोटं पाण्याखाली उलटसुलट करत,
जिथे तिला कधी काही टोचलेलं नाही.