आवक-जावक

कुरिअरवाला सुयोग वाडीत उतरत नाही.
पाखाडीला पंच्याहत्तर पायऱ्या, खाली गाडी जात नाही,
आणि पत्ते असे : फणसाच्या मागे, दोरकुळकर, हर्णै.
म्हणून तो सगळी पार्सलं माझ्या टेबलावर टाकतो.
"लायब्ररीत कुणीतरी असतंच, बाई."

कुणीतरी म्हणजे मी.
अर्धवेळ, एकतीस वर्षं.

आत पुस्तक असलं की हाताला कळतं.
पुठ्ठ्याचा कोपरा पिशवीतून टोचतो,
चपला टोचत नाहीत.
मंडलिक गुरुजींची या महिन्यात तीन आली.
पूर्वी एका पुस्तकासाठी नंबर लावून
शिमग्यापर्यंत थांबायचे.
आता माझ्यासमोर पार्सल फोडतात,
आधी छापील किंमत वाचून दाखवतात, मग पडलेली,
आणि पुस्तक काखेत मारतात.
कसं आहे विचारलं, तर म्हणतात, "घेऊन ठेवलंय."

श्रावणी कालेकर भरतीची गाइडं मागवते,
दर वर्षी नवी आवृत्ती.
जुनी मला देते, फुकट.
एक अख्खं कपाट भरलंय
गेल्या वर्षीच्या प्रश्नांनी.

सवयीनं मी सगळं वहीत चढवते.
आवक : चार. जावक : चार.
इतकी उलाढाल या वहीनं कधी पाहिली नव्हती,
आणि कपाटातलं एक पुस्तक जागचं हललेलं नाही
गणपतीपासून.

मग भाल्या आला.
ट्रॉलरवर खलाशी, शाळा सहावीत सुटलेली,
माझ्या दारात आजवर फक्त सुट्या पैशांसाठी.
कानातली वायर काढत म्हणाला,
"बाई, गोष्ट ऐकत होतो बाहेरच्या पाण्यात.
बंदरात रेंज होती तेवढी उतरवून घेतलेली.
सातव्यात मधेच बंद पडली.
ती घर सोडून गेली काय?"

गोष्टीचं नाव त्याला ठाऊक नव्हतं, लेखकाचं तर नाहीच.
पण तिच्या हातातल्या कंदिलाची काच
कुठं तडकली होती
ते त्यानं हवेत बोटानं काढून दाखवलं.

तिसरं कपाट, वरून दुसरा कप्पा.
मागच्या चिठ्ठीवर शेवटचा शिक्का : ११ मार्च २००३.
समास कसरीनं खाल्लेला, अक्षरं शाबूत.

त्यानं पुस्तक घेतलं, मासा वजनाला धरावा तसं,
आणि परत दिलं.
"एवढं माझ्यानं व्हायचं नाही. तुम्हीच सांगा."

सांगणार काय?
मीही ते वाचलेलं नव्हतं.
शिक्के मात्र सगळे माझ्याच हातचे.

संध्याकाळी दार लोटलं,
त्याचा फोन टेबलावर उताणा ठेवला,
("मोठ्यानं वाचा हां, इंजिनाचा आवाज असतो.")
तांबडं बटण दाबलं
आणि सातव्याच्या मधून वाचत सुटले.
मधे लिलावाचा ओरडा आला, सुरमईचा भाव,
मधे सुयोगची गाडी, माझा खोकला.
काही पुसलं नाही.
एके ठिकाणी थांबावं लागलं,
ती अंगण ओलांडते तिथे. पाणी प्यायले.

रात्री बोट गेली.
वहीत काय लिहावं कळेना.
पुस्तक तर कपाटातच आहे.
शेवटी आवकमध्ये रेघ ओढली,
जावकमध्ये लिहिलं :
उरलेली अडीच प्रकरणं,
भालचंद्र दोरकुळकर.
परतीची तारीख, तांडेल म्हणेल ती.