मिनिटाला बेचाळीस

पाचशे मिली, चार तासांत.
सेटच्या पाकिटावर लिहिलंय, वीस थेंबांचा एक मिली.
"बोल येमूल, मिनिटाला किती?"
मी तळहातावर बोटानं गणित मांडते.
दहा हजार भागिले दोनशे चाळीस.
एक्केचाळीस पॉइंट सहासष्ट, सिस्टर.
"पॉइंट सहासष्ट थेंब पाडून दाखव बरं."
वर्ग हसतो.
हत्तुरे सिस्टर हसत नाहीत.
बेचाळीस, सिस्टर.

एप्रिल. सोलापूरचा.
वॉर्डातला पंखा तीच गरम हवा परत परत वाटतो.
बेड नंबर अकरा, नरसम्मा, विडी कारखान्यातली,
तीन दिवस जुलाब, जीभ लाकूड,
चिमटीत धरलेली कातडी सोडली तरी उभीच.
वय सत्तर, हृदय कच्चं, म्हणून सलाईन सावकाश.

"डोळ्यानं शोधू नकोस, बोटानं शोध.
दाबली की दबते, सोडली की वर येते, ती शीर.
ठोका लागला तर रोहिणी, तिथून हात काढ.
आणि खालून सुरुवात कर, हाताच्या पाठीवरून.
आधीच कोपरात घुसलीस
तर बिघडल्यावर खाली काय उरणार?"

माझे नाना मागावर होते, साखर पेठेत.
दिवे गेले तरी तुटलेला धागा बोटानं हुडकायचे,
थुंकी लावून गाठ मारायचे.
थुंकी सोडून
बाकी सगळं मला उपयोगी पडलं.

दंडाला पट्टा. स्पिरिट.
फुंकर घालायला तोंड पुढं गेलंच माझं.
सिस्टरनी खांद्यावर टिचकी मारली.
"आपोआप वाळू दे. फुंकर घरी."

निळी, बावीस नंबरची.
सुईचं तिरकं तोंड वर, कातडी खाली ताणलेली.
मागच्या कुपीत रक्त चमकलं
आणि मी हरखले
आणि हरखण्यात गव्हाच्या दाण्याएवढी पुढं गेले.
कातडीखाली जांभळं टेंगूळ.
पट्टा सोडला, सुई काढली, कापूस दाबून धरला,
तोंडातून फक्त "अव्वा, अव्वा".

"परवालेदु," ती म्हणाली.
माझी आई चहा सांडल्यावर म्हणते तसंच.
मग कोरड्या ओठांनी, तुकड्या-तुकड्यानं:
पन्नास वर्षं विड्या वळते मी, पोरी.
अजून हजारात
चार-पाच छाट निघतात.
नेर्चुको. शिकून घे.
आणि दुसरा हात पुढं केला.

दुसरा हात.
तेंदूच्या पानाचा वास, अंगठ्याचं वाढवलेलं नख.
हात पुन्हा धुतले. सुई नवी.
सिस्टर म्हणाल्या, "ही गेली तर मी करीन.
तिसरा प्रयत्न तुझा नाही."
रक्त दिसलं.
या वेळी हरखले नाही.
सुई आडवी केली, केसभर पुढं,
नळी आत सरकवली, सुई मागं,
टोपण न लावता सरळ डब्यात.
बुडबुडे आधीच टिचक्या मारून पळवलेले.
चिकटपट्टीवर तारीख, वेळ, माझं नाव.
माझं नाव, कुणाच्या तरी हातावर.

मग चाकी.
एक्कावन्न. जास्त.
अडतीस. कमी.
घड्याळावर नजर, ओठांत आकडे,
शेजारच्या बेडवरची बाई विचारते,
"कसला जप गं?"
बेचाळीस.

"चालू करून गेलीस म्हणजे झालं नाही," सिस्टर.
"तासा-तासाला हात लावून बघ.
सुजला, गार लागला, तर पाणी शिरेबाहेर चाललंय.
लाल झाला, गरम लागला, तर शीर रागावलीय.
काहीही असो, बंद कर, काढ, मला सांग.
टेंगूळ लपवणारी पोरगी मला नको."
मी जांभळं टेंगूळ कागदावर लिहिलं.
अक्षर वाकडं आलं, पण लिहिलं.

अकरा वाजता हात बरा. बारा वाजता बरा.
एकला उशी सरकवली, थेंब कमी झालेले, पुन्हा मोजले.
दोनला बाटली संपत आली
आणि नरसम्मानं डोळे उघडून
अगदी हळू सांगितलं,
लघवीला जायचंय.

हत्तुरे सिस्टर हसल्या.
खरंच हसल्या, दात दिसेपर्यंत.
"बघत काय बसलीस, येमूल? भांडं आण.
मापाचं."